स्नोमोबाइलच्या इंजिनासाठी सदतीस वर्षं थांबलेला मेकॅनिक: जोसेफ-आर्मां बम्बार्डियर

मुंबईत लोकलने प्रवास करत असाल तर बम्बार्डियर हे नाव कानावरून गेलं असेलच. २०१५ पासून पश्चिम रेल्वेवर ज्या नव्या लोकल धावू लागल्या, त्यांना सगळे सरळ बम्बार्डियर लोकल म्हणायला लागले. डबे चेन्नईच्या आयसीएफ कारखान्यातले होते, पण आतली इलेक्ट्रिकल यंत्रणा या कॅनडाच्या कंपनीची होती. दिल्ली मेट्रोच्या कितीतरी गाड्याही याच कंपनीने बनवल्या. गंमत म्हणजे ही कंपनी सुरू झाली तेव्हा रेल्वेशी तिचा काही संबंध नव्हता. ती सुरू झाली बर्फावर चालणाऱ्या गाडीसाठी.

ती गाडी म्हणजे स्नोमोबाइल. गुलमर्गला फिरायला गेलेल्यांना ती स्नो-स्कूटर या नावाने माहीत असते. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मध्ये इंजिन आणि बाइकसारखं हँडल. कॅनडा, अमेरिका आणि उत्तर युरोपात या गाड्यांचं वेड आपल्याकडच्या बाइकच्या वेडाइतकंच आहे. दरवर्षी हिवाळा संपत आला की कंपन्या पुढच्या सीझनची मॉडेल्स जाहीर करतात, आणि त्याच्या कितीतरी आधी अंदाज सुरू होतात. टर्बो येणार का? टू-स्ट्रोक राहणार की जाणार? इलेक्ट्रिक कधी?

या प्रश्नांवर आपण शेवटी येऊच. पण हलकं, भरवशाचं इंजिन कुठून आणायचं, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका पंधरा वर्षांच्या मुलालाही पडला होता. त्याला उत्तर मिळायला सदतीस वर्षं लागली. आधी त्याची गोष्ट बघू.

घड्याळं उघडणारा मुलगा

जोसेफ-आर्मां बम्बार्डियर यांचा जन्म १६ एप्रिल १९०७ चा. गाव वाल्कूर, कॅनडाच्या क्युबेक प्रांतातलं. क्युबेक म्हणजे कॅनडाचा फ्रेंच बोलणारा भाग. आठ भावंडांत आर्मां सगळ्यात मोठा.

लहानपणापासून त्याला यंत्रांचा नाद. बिघडलेली घड्याळं उघडायची, आतली चक्रं काढायची आणि त्यांवर चालणारी खेळणी बनवायची. सिगारच्या रिकाम्या खोक्यांतून गाड्या तयार व्हायच्या. एकदा तर त्याने छोटं वाफेचं इंजिन बनवून ते आत्याच्या सूत कातायच्या चरख्याला जोडलं होतं.

हा नाद त्या भागात नुसता छंद नव्हता. तिथे हिवाळा चार-पाच महिने चालतो. त्या काळी गावाकडच्या रस्त्यांवरचा बर्फ कोणी काढत नसे. मोटारगाड्या हिवाळाभर गॅरेजमध्ये पडून राहायच्या आणि प्रवास घोड्यांच्या स्लेजवर, म्हणजे घसरगाडीवर व्हायचा. शाळा, डॉक्टर, बाजार, सगळं घोड्याच्या वेगावर अवलंबून.

३१ डिसेंबर १९२२: पंख्यावर पळालेली स्लेज

आर्मां पंधरा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला जुन्या फोर्ड मॉडेल टी मोटारीचं इंजिन खेळायला दिलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो आणि धाकटा भाऊ लिओपोल्ड एक विचित्र यंत्र घेऊन बाहेर पडले. स्लेजच्या सांगाड्यावर मॉडेल टीचं इंजिन आणि मागे लाकडी प्रोपेलर, म्हणजे विमानाला असतो तसा पंखा. पंखा हवा मागे ढकलणार आणि स्लेज पुढे जाणार. ती खरंच चालली. गावातून साधारण एक किलोमीटर पळाली. मागे उघडा पंखा गरागरा फिरतोय, पुढे दोन पोरं बसलीत. हे बघून वडिलांनी ते यंत्र लगेच मोडायला लावलं.

इथे थोडं थांबून इंजिनिअरिंग बघू. पंखाच का लावला? कारण चाक बर्फावर चालत नाही. चाकाचा जमिनीला टेकणारा भाग तळहाताएवढा. गाडीचं सगळं वजन तेवढ्याशा जागेवर येतं आणि चाक बर्फात रुततं. शिवाय पकडही मिळत नाही, ते जागच्या जागी फिरत राहतं. पंख्याला पकड लागतच नाही, म्हणून तो सुचला. पण पंखा धोकादायक, कर्कश आणि चढावर कुचकामी.

दुसरी अडचण इंजिनाची. मॉडेल टीचं इंजिन साधारण २० हॉर्सपॉवरचं. आकडा बरा वाटतो, पण ते ओतीव लोखंडाचं अवजड धूड होतं. थंड ठेवायला पाणी आणि रेडिएटर लागायचा, तो आणखी वेगळा. एक-दोन माणसांसाठी छोटी, चपळ गाडी बनवायची तर इतकं जड इंजिन चालणार नव्हतं, आणि हलकं, पुरेसं भरवशाचं इंजिन तेव्हा बाजारात नव्हतं.

म्हणजे दोन प्रश्न होते: बर्फावर पकड कशी मिळवायची आणि हलकं इंजिन कुठून आणायचं. आर्मांचं पुढचं आयुष्य या दोन प्रश्नांत गेलं.

एकोणिसाव्या वर्षी स्वतःचं गॅरेज

घरच्यांची इच्छा होती की मुलाने धर्मशिक्षण घेऊन पाद्री व्हावं. त्यासाठी त्याला शेरब्रुक शहरातल्या शाळेत पाठवलंही होतं. पण त्याचं मन रमलं नाही. शेवटी वडिलांनी हार मानली आणि आर्मां एका गॅरेजमध्ये उमेदवारी करायला लागला. पुढे माँट्रियलमध्ये दिवसा काम आणि संध्याकाळी मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलचे क्लास. इंजिनिअरिंगची डिग्री त्याने कधीच घेतली नाही.

१९२६ मध्ये वडिलांकडून कर्ज घेऊन त्याने वाल्कूरमध्ये स्वतःचं गॅरेज सुरू केलं. वय एकोणीस. तीन वर्षांत कर्ज फेडलं. हाताला चव असलेला मेकॅनिक म्हणून नाव झालं आणि आसपासचे लोक आर्मांकडे गाड्या घेऊन यायला लागले. १९२९ मध्ये इव्होन लाब्रेक यांच्याशी लग्न झालं.

उन्हाळ्यात गॅरेज भरलेलं असायचं. हिवाळ्यात गाड्याच बंद, त्यामुळे काम कमी. तो रिकामा वेळ बम्बार्डियर बर्फावरच्या गाडीत घालायचे. दरवर्षी नवा प्रोटोटाइप बनवायचा, तपासायचा, मोडायचा आणि पुन्हा बनवायचा. जवळजवळ दहा वर्षं हे असंच चाललं. एका हिवाळ्याने मात्र सगळं बदललं.

१९३४ चा हिवाळा

त्यांचा मुलगा इव्हॉन तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याच्या पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्सचा त्रास होता आणि पुढे पेरिटोनायटिस झाला, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणालाच संसर्ग. ऑपरेशन लगेच व्हायला हवं होतं. हॉस्पिटल शेरब्रुकला, सुमारे ५० किलोमीटरवर. रस्ते बर्फाने बंद. घोड्याच्या स्लेजने इतकं अंतर वेळेत कापणं शक्य नव्हतं. बर्फावर चालू शकेल असं यंत्र त्या गावात एकाच माणसाकडे होतं, आणि ते त्या वेळी गॅरेजमध्ये सुटं करून ठेवलेलं होतं.

इव्हॉन वाचला नाही.

बर्फावरच्या गाडीचं काम बम्बार्डियर यांनी या घटनेमुळे सुरू केलं असं काही ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते बरोबर नाही, काम बारा वर्षं आधीच सुरू झालं होतं. पण या हिवाळ्यानंतर त्याला घाई आली. गाडी कशासाठी हवी, हेही पक्कं झालं. कुठल्याही दिवशी, कुठल्याही बर्फात, आजारी माणसाला हॉस्पिटलपर्यंत नेता येईल अशी गाडी.

पट्टा आणि स्प्रॉकेट

इंजिनाचं बम्बार्डियर काही करू शकत नव्हते. जे होतं ते जडच होतं. म्हणून त्यांनी आपल्या हातातला प्रश्न आधी सोडवायला घेतला: पकड.

चाकाऐवजी पट्टा वापरायची कल्पना नवी नव्हती. रणगाडे पट्ट्यांवरच चालतात. फ्रेंच इंजिनिअर अडॉल्फ केग्रेस यांनी रशियाच्या झारच्या मोटारींना बर्फासाठी पट्टे बसवले होते. अमेरिकेत कार्ल एलिअसन यांनी मोटर लावलेली छोटी स्लेज बनवून १९२७ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. त्यामुळे स्नोमोबाइलचा शोध एकट्या बम्बार्डियर यांनी लावला असं म्हणता येत नाही. त्यांनी केलं ते असं की ही यंत्रणा रोजच्या वापरात टिकेल अशी बनवली.

१९३५ मध्ये त्यांची रचना तयार झाली. बाइकचा चेन-स्प्रॉकेट सेट डोळ्यासमोर आणा. स्प्रॉकेट म्हणजे ज्यावर चेन फिरते ते दातेरी चाक. बम्बार्डियर यांनी या चाकावर रबर चढवलं, आणि चेनच्या जागी रबर आणि सुती कापडाचा पट्टा आणला. त्याला आडव्या पट्ट्या जोडल्या. इंजिन स्प्रॉकेट फिरवतं, स्प्रॉकेट पट्टा ओढतं आणि पट्टा बर्फावर पसरून गाडी पुढे नेतो. वजन मोठ्या जागेवर विभागलं जातं, म्हणून गाडी रुतत नाही. रबरामुळे यंत्रणा लवचीक राहते, आवाजही कमी होतो. पुढे वळायला दोन स्की.

२९ जून १९३७ ला त्यांना या यंत्रणेचं पेटंट मिळालं. त्यावर आधारलेली पहिली गाडी बी-७, म्हणजे सात माणसांची. प्लायवूडची बॉडी, बंद केबिन, आत मोटारीचं इंजिन. हलकं इंजिन मिळत नव्हतं, म्हणून त्यांनी गाडीच मोठी केली. इंजिनाचं वजन एका माणसाला परवडत नसेल तर ते सात जणांत वाटून टाकायचं.

ग्राहक कोण होते ते बघा. गावोगावचे डॉक्टर, पशुवैद्य, पाद्री, टपाल नेणारे, हॉटेलवाले, अँब्युलन्स चालवणारे. १९४१ च्या सुरुवातीला नवा कारखाना उभा राहिला, वर्षाला २०० गाड्यांच्या क्षमतेचा. मग बारा माणसांची बी-१२ आली. पुढच्या मोठ्या मॉडेलमधून तर मुलं शाळेत जायला लागली. ती बर्फावरची स्कूल बस होती.

कायद्याने बुडवलेला धंदा

जुलै १९४२ मध्ये कंपनी रीतसर नोंदवली गेली. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं आणि सामानाचं रेशनिंग होतं. सामान्य ग्राहकाला गाडी हवी असेल तर ती पोटापाण्यासाठी गरजेची आहे हे दाखवावं लागे. कारखाना मुख्यतः सैन्यासाठी पट्ट्यांच्या गाड्या बनवू लागला.

युद्ध संपलं, विक्री जोरात सुरू झाली आणि मग वेगळाच धक्का बसला. १९४० च्या दशकाच्या शेवटी क्युबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचाही बर्फ हिवाळाभर काढायचं ठरवलं. लोकांसाठी ही चांगलीच गोष्ट होती. आता साधी मोटार हिवाळ्यात चालणार होती, हॉस्पिटल गाठता येणार होतं. पण बम्बार्डियर यांच्या मोठ्या गाडीची गरजच संपली आणि विक्री कोसळली.

त्यांनी सरकारशी भांडण्यात वेळ घालवला नाही. आपल्याकडे काय आहे? पट्टा. तो बर्फाशिवाय कुठे चालेल? दलदलीत चालेल, जंगलात चालेल, चिखलात चालेल. त्यांनी शेतातल्या ट्रॅक्टरला लावता येणारे पट्टे बनवले, जंगलातले ओंडके ओढणाऱ्या गाड्या बनवल्या आणि १९५३ मध्ये मस्केग नावाचा पट्ट्यांचा ट्रॅक्टर आणला. कॅनडातल्या दलदलीच्या भागाला मस्केग म्हणतात. हा ट्रॅक्टर तेल, खाणी आणि वीजवाहिन्यांच्या कामासाठी दूर देशांतही गेला.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला मॉड्यूल म्हणतो. ॲप चाललं नाही तरी आतला चांगला मॉड्यूल दुसरीकडे वापरता येतो. बम्बार्डियर यांचा मॉड्यूल पट्टा होता.

आणि अखेर इंजिन आलं

१९५० च्या दशकात दोन गोष्टी जुळल्या. पहिली म्हणजे हवेने थंड होणारी छोटी, हलकी इंजिनं बाजारात मिळू लागली. पाणी नको, रेडिएटर नको. दुसरी गोष्ट घरातूनच आली. मोठा मुलगा जेर्मेन याने सांधा नसलेला अखंड रबरी पट्टा तयार केला. हलका, रुंद आणि न तुटणारा.

पंधराव्या वर्षी डोक्यात असलेली एक-दोन माणसांची गाडी आता शक्य होती. एप्रिल १९५९ मध्ये बम्बार्डियर नव्या गाडीचा प्रोटोटाइप घेऊन उत्तर ऑन्टॅरियोतल्या लॅन्सडाऊन हाउस या दुर्गम वस्तीत गेले. तिथे त्यांचे मित्र, मिशनरी मॉरिस विमे, ओजिब्वे आदिवासींमध्ये राहत होते. तोपर्यंत तिथलं हिवाळ्यातलं वाहन म्हणजे कुत्र्यांची स्लेज. गाडीची चाचणी तिथल्या खऱ्या बर्फात, ज्यांना ती खरंच लागणार होती अशा माणसांसमोर झाली.

त्याच वर्षी ती बाजारात आली. नाव स्की-डू. मुळात नाव स्की-डॉग ठरलं होतं, म्हणजे कुत्र्यांच्या स्लेजची जागा घेणारी, पण कुठेतरी अक्षराची चूक होऊन डॉगचं डू झालं आणि तेच आवडलं, असा किस्सा सांगतात. पहिल्या मॉडेलमध्ये कोहलर कंपनीचं ७ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन होतं. स्की लाकडाच्या. वेग ताशी साधारण ४० किलोमीटर.

आता आकड्यांची तुलना करा. १९२२ मध्ये २० हॉर्सपॉवर होती आणि गाडी जमली नाही. १९५९ मध्ये ७ हॉर्सपॉवरवर जमली. स्पेक-शीटवर फक्त पॉवर बघणाऱ्याला हे उलटं वाटेल. पण बर्फावर वजनाला पॉवरपेक्षा जास्त किंमत आहे.

पहिल्या सीझनमध्ये २२५ गाड्या विकल्या गेल्या, पाच वर्षांत हा आकडा वर्षाला आठ हजारांवर गेला. घेणारे मात्र वेगळेच निघाले. बम्बार्डियर यांच्या डोळ्यासमोर शिकारी, मिशनरी, दुर्गम भागातली माणसं होती. पण गाडी तरुणांना खेळ म्हणून आवडली. बम्बार्डियर मात्र सावध होते. सगळी कंपनी एका मौजेच्या गाडीवर टेकवायला ते तयार नव्हते, कामाच्या अवजड गाड्या त्यांनी चालूच ठेवल्या.

१८ फेब्रुवारी १९६४ ला कॅन्सरने त्यांचं निधन झालं. वय अवघं ५६. नावावर ४० च्या वर पेटंट. पुढे कंपनी जावई लोराँ बोदुआँ यांच्या हातात गेली, रेल्वे आणि विमानांत शिरली आणि अशी आपल्या लोकलपर्यंत पोहोचली. स्की-डूचा धंदा २००३ मध्ये वेगळा होऊन बीआरपी ही कंपनी झाली. कंपनीचा रेल्वेचा भाग २०२१ मध्ये आल्स्टॉमने घेतला.

मग पुढची मॉडेल्स कशी असतील?

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे येऊ.

*टू-स्ट्रोक जाणार का?* आपल्याकडे आरएक्स-१०० सारख्या टू-स्ट्रोक बाइक धुराच्या नियमांमुळे गेल्या. स्नोमोबाइलमध्ये टू-स्ट्रोक टिकलं, कारण त्याच पॉवरला ते हलकं पडतं. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर बाहेर जायचं. बीआरपीची रोटॅक्स इंजिनं आता डायरेक्ट इंजेक्शन वापरतात, म्हणजे पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये आणि नेमक्या क्षणी सोडलं जातं. त्यामुळे वाया जाणं खूप कमी झालं. माझा अंदाज असा की डोंगराळ भागातल्या मॉडेल्समध्ये टू-स्ट्रोक अजून बरीच वर्षं राहील.

*टर्बो?* तो आलेलाच आहे. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद घटते. टर्बो हवा दाबून आत ढकलतो. स्की-डूने २०२० च्या मॉडेलमध्ये फॅक्टरीतूनच टर्बो बसवलेलं टू-स्ट्रोक दिलं, सुमारे २,४०० मीटर उंचीपर्यंत १६५ हॉर्सपॉवर टिकवणारं. नंतर पोलारिसनेही टर्बो टू-स्ट्रोक आणलं. पुढची स्पर्धा याच दिशेने जाईल असं दिसतं.

*इलेक्ट्रिक?* इथे आपण थेट १९२२ मध्ये परत जातो. मोटर उत्तम आहे, आवाज नाही, धूर नाही. पण बॅटरी जड आहे आणि थंडीत तिची क्षमता कमी होते. बीआरपीने २०२४ च्या मॉडेल वर्षासाठी इलेक्ट्रिक स्नोमोबाइल आणल्या, आधी टूर कंपन्यांसाठी. एका चार्जवर जास्तीत जास्त सुमारे ५० किलोमीटर. माँट्रियलच्या टायगा कंपनीने फक्त इलेक्ट्रिकवर डाव लावला आणि २०२४ मध्ये तिला देणेकऱ्यांपासून कोर्टाचं संरक्षण मागावं लागलं.

५० किलोमीटर हा आकडा आधीही आला होता. वाल्कूर ते शेरब्रुकचं हॉस्पिटल साधारण तेवढंच. म्हणजे बीआरपीची ही इलेक्ट्रिक स्नोमोबाइल, सगळं अनुकूल असेल तर, तिथे एकदा कशीबशी पोहोचेल. कडाक्याच्या थंडीत तेही सांगता येत नाही. रिसॉर्टभोवती तासभर फिरायला ती छान आहे. दुर्गम वस्तीत राहणाऱ्या माणसाने तिच्यावर विसंबावं अशी वेळ अजून आलेली नाही.

याचा अर्थ इलेक्ट्रिक फसणार असा नाही. मॉडेल टीचं इंजिन १९२२ मध्ये जितकं जड होतं, तितकी बॅटरी आज जड आहे, एवढाच याचा अर्थ. इंजिनं हलकी झाली, तशा बॅटऱ्याही होतील. तोपर्यंत ज्या कंपन्या पट्टा, सस्पेन्शन आणि सांगाड्याचं वजन यांवर काम करत राहतील, त्यांची गाडी ती बॅटरी आली की तयार असेल.

त्यामुळे पुढच्या लाँचच्या वेळी हॉर्सपॉवरचा मोठा आकडा स्क्रीनवर झळकला की आधी तीन गोष्टी शोधा: एकूण वजन किती, कडाक्याच्या थंडीत सुरू होते का, आणि एका टाकीत किंवा एका चार्जमध्ये किती लांब जाते. बम्बार्डियर यांच्या कुठल्याही ग्राहकाने, मग तो गावचा डॉक्टर असो की लॅन्सडाऊन हाउसचा मिशनरी, गाडी घेताना हेच विचारलं असतं.